दयाळ ओळखताना या चुका टाळा

बागेत काळा-पांढरा पक्षी दिसला की दयाळ म्हणून मोकळं व्हायची आपल्याला घाई. पाण्याच्या टाकीवर येणाऱ्या धोबी पक्ष्याला मी दोन दिवस दयाळच समजत होतो. रंगावर भिस्त ठेवली की फसगत ठरलेली.

आधी शेपटी बघा. बुलबुलाएवढा दयाळ शेपटी पाठीवर उभारतो आणि तिच्या कडेची पिसं पांढरी असतात. धोब्याची शेपटी सतत खालीवर हलते, डोळ्यावर पांढरी भुवई असते, आणि तो पाण्याकाठी तुरुतुरु पळतो. खरी गडबड चीरक करतो, कारण शेपटी तोही उभारतो. पण त्याच्या शेपटीखाली विटकरी रंग असतो, नराचं पोटही काळं. दयाळाचं पोट पांढरं आणि पंखावर लांब पांढरा पट्टा.

नर जिथे काळा तिथे मादी करडी. तिला वेगळाच पक्षी समजून वहीत दुसरी नोंद करणारे कमी नाहीत.

‘पूर्वी छान गायचा, आता दयाळ निघून गेला,’ ही तक्रार थंडीत हमखास कानावर येते. तो कुठे जात नाही, गाणं थांबवतो. मार्च ते जुलै हा साधारण विणीचा काळ. तेव्हा पहाटे फटफटायच्या आधीच नर तारेवर किंवा शेंड्यावर बसून गातो, मधूनच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकलाही करतो. त्यामुळे नुसत्या आवाजावरूनही ठाम बोलू नये. थंडीत झुडपांखाली कान द्या, कर्कश ‘चर्र’ ऐकू येईल.

खिडकीच्या काचेवर किंवा गाडीच्या आरशावर तो चोची मारत असेल, तर त्याला वेड लागलेलं नाही. प्रतिबिंबात त्याला हद्दीत घुसलेला दुसरा नर दिसतो. आरशावर फडकं टाका, भांडण मिटतं.

दयाळासाठी दाणे ठेवणंही वायाच. त्याला किडे आणि गांडुळं हवीत, फार तर पांगाऱ्याच्या फुलातला मध. झाडाखालचा पालापाचोळा रोज झाडून, वर कीटकनाशक फवारून दयाळ येत नाही म्हणणाऱ्यांना मी काय सांगणार!

झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भोकात, कधी जुन्या पाइपातही घरटं सापडतं. अंडी मादी एकटीच उबवते, साधारण दोन आठवडे. तेवढे दिवस मोबाइल घेऊन आत डोकावू नका. फोटोच हवा तर तारेवर गाणाऱ्या नराचा काढा.