प्रदर्शनाची तयारी नियुक्तीपत्रापासून

वृत्तछायाचित्रणात नव्याने येणारे बहुतेक जण रघू राय यांची कारकीर्द चार टप्प्यांत सांगून मोकळे होतात: १९६६ मध्ये ‘द स्टेट्समन’ हे दैनिक, १९७१ मध्ये पॅरिसचे प्रदर्शन, ते पाहून प्रभावित झालेले थोर फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आणि त्यांच्या शिफारशीने १९७७ मध्ये ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था. हे सारे खरे आहे, परंतु पॅरिसच्या आधी रोजच्या बातमीमागे धावण्याची पाच वर्षे आहेत आणि पॅरिसनंतर मॅग्नमपर्यंत आणखी सहा. थोरल्या माणसाची एक शिफारस मिळाली की काम झाले, असे मानणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. मार्गदर्शक म्हणाल, तर पाठ थोपटणाऱ्यापेक्षा तुमच्या कॉन्टॅक्ट शीटवर (रोलमधील सर्व चित्रे लहान आकारात एकत्र छापलेल्या कागदावर) निर्दयपणे फुल्या मारणारा बरा, असे माझे ठाम मत आहे.

आता ज्यात मी अडकलो, त्याविषयी सविस्तर लिहितो. प्रदर्शन भरवायचे तर दोन गोष्टी हातात लागतात: छायाचित्राचा हक्क आणि त्याची मूळ प्रत. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, तुम्ही वृत्तपत्राचे पगारी नोकर असाल आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर वृत्तपत्र-नियतकालिकांतील प्रसिद्धीचा हक्क मालकाचा, आणि बाकी सर्व बाबतींत, म्हणजे प्रदर्शन, पुस्तक, प्रिंटची विक्री यांत, पहिला हक्क तुमचा असतो. उलट, नोकरीबाहेर कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले, तर वेगळा करार नसताना हक्क काम देणाऱ्याकडे जातो. म्हणजे स्वतःला स्वतंत्र म्हणवणारा फ्रीलान्सर येथे अधिक उघडा पडतो. ‘करारात वेगळे काही ठरले नसेल तर’ हे शब्द पुन्हा वाचा, कारण ‘सर्व हक्क संस्थेचे’ हे एक वाक्य नियुक्तीपत्रात असले, की कायद्याने दिलेले कराराने गेले.

माझ्या नियुक्तीपत्रात ते वाक्य नव्हते, त्यामुळे हक्क माझाच होता. मूळ फाइली मात्र कार्यालयाच्या सर्व्हरवर होत्या, आणि पुढे एका क्युरेटरने, म्हणजे प्रदर्शनाची निवड व मांडणी करणाऱ्याने, जुने काम मागितले तेव्हा तेथे छपाईसाठी लहान केलेल्या प्रतीच उरल्या होत्या. ६००० × ४००० पिक्सेलची फाइल इंचाला २०० पिक्सेल या हिशेबाने ३० × २० इंचांची प्रिंट देते. १५०० पिक्सेल रुंदीची प्रत साडेसात इंचांवर संपते. तेवढ्याने भिंत भरत नाही.

१९४७ मध्ये मॅग्नमची स्थापना करताना छायाचित्रकार रॉबर्ट कापा, कार्तिए-ब्रेसाँ प्रभृतींनी छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडेच राहील यावर भर दिला, तो आपले काम आपल्याच हातात राहावे म्हणून. हक्काइतकीच मूळ प्रतही महत्त्वाची. राय यांनी टिपलेल्या १९७१ च्या बांगलादेशाच्या निगेटिव्ह दीर्घकाळ हरवलेल्या होत्या. त्या सापडल्या म्हणून २०१३ मध्ये त्यांचे पुस्तक होऊ शकले. तेव्हा तुमचे जुने काम विखुरलेले असेल तर लगेच हताश होऊ नका. जुन्या हार्ड डिस्क, मेमरी कार्डे, सहकाऱ्यांना पाठवलेले मेल हे सारे एकदा धुंडाळून पाहा. अनपेक्षित ठिकाणी पुष्कळ काही निघते.

एका गाजलेल्या छायाचित्राने प्रदर्शन उभे राहते, हाही भ्रमच. भोपाळमध्ये १९८४ साली मातीत पुरल्या जाणाऱ्या त्या अनामिक बालकाचे छायाचित्र राय यांनी कृष्णधवल आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत टिपले. बार्थोलोम्यू यांच्या चित्राला ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेत वर्षातील सर्वोत्तम छायाचित्राचा मान मिळाला. राय मात्र पुढे ‘ग्रीनपीस’साठी भोपाळला परतले, वाचलेल्यांची दुखणी आणि गंजलेला कारखाना त्यांनी टिपला, आणि त्या कामाचे प्रदर्शन अनेक देशांत फिरले. प्रवेश शुल्क भरून स्पर्धांमागे धावणाऱ्यांनी ते पैसे जुन्या बातमीच्या जागी पुन्हा जाण्यावर खर्च करावेत.

सही करण्यापूर्वी ‘प्रदर्शन व पुस्तकाचे हक्क छायाचित्रकाराकडे राहतील’ हे वाक्य घालण्याची विनंती करा. नकार आला तरी नोकरी सोडण्याचे कारण नाही. निदान मूळ रॉ फाइलींची (कॅमेऱ्यातून निघालेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलींची) प्रत स्वतःजवळ ठेवण्याची लेखी परवानगी मागा, आणि स्थळ, तारीख व माणसांची नावे असलेली फोटोओळ त्याच रात्री फाइलीत नोंदवा.