आशा, भीती आणि आकडा: अंदाजवही कशी ठेवावी

आशावादी आणि निराशावादी माणसांचा वाद रंगला की तो हमखास स्वभावावर घसरतो. खरं तर दोघांनीही पुढे काय होणार याचा एकेक अंदाज बांधलेला असतो, आणि अंदाज पडताळता येतो. वास्तववादी माणूस या दोघांच्या मधोमध उभा असतो असंही नाही. तो कधी भरपूर आशा बाळगतो, कधी पार हात झटकतो. फक्त आपले आधीचे अंदाज किती आणि कुठल्या बाजूला चुकले, हे त्याने पाहिलेलं असतं. ते पाहण्याची पद्धत पुढे दिली आहे.

साहित्य म्हणजे एक वही, रोजची पाच मिनिटं आणि सहा आठवड्यांचा धीर. मोबाइलवरही चालेल, पण कागदावर पेनने लिहिलेलं बरं. नंतर खोडायची सोय जितकी कमी, तितका हिशेब खरा.

पानावर सहा रकाने आखा: तारीख, काय घडेल, कधीपर्यंत, शक्यता किती टक्के, ते घडावंसं वाटतं की नाही (अधिक किंवा उणे), आणि शेवटी प्रत्यक्ष काय झालं. रोज दोन नोंदी करा. सहा आठवड्यांत ऐंशीच्या आसपास जमतील. त्याहून कमी नोंदींवर निष्कर्ष काढू नका.

सगळी मदार दुसऱ्या रकान्यावर आहे. ‘मुलाखत बरी जाईल’ ही नोंद फुकट, कारण काहीही झालं तरी ती खरी ठरवता येते. ‘१५ तारखेपर्यंत दुसऱ्या फेरीसाठी फोन येईल, ४०’ ही नोंद चांगली. नोंदी मोठ्या असायला हव्यात असं नाही. ‘प्लंबर आज सातच्या आत येईल, ३०’ हेही लिहा. छोट्या गोष्टींचा निकाल लवकर लागतो आणि हात बसतो. टक्के दहाच्या पटीत द्या. पहिले दोन आठवडे ५० हा आकडा वापरू नका, ती लपायची जागा आहे. ० आणि १०० कायमचे बंद.

सहा आठवड्यांनी आधी फक्त ‘अधिक’वाल्या नोंदी वेगळ्या काढा. दिलेल्या टक्क्यांची सरासरी काढा आणि त्यातल्या किती टक्के खऱ्या झाल्या ते बघा. सरासरी ७० आणि प्रत्यक्षात ४५ म्हणजे तुम्ही २५ अंकांनी आशेकडे झुकता. सरासरी ४० आणि प्रत्यक्षात ६० म्हणजे भीतीकडे. ‘उणे’वाल्या नोंदींना उलट वाचायचं: नकोशा गोष्टीला ६० दिले आणि ती २० टक्केच वेळा घडली, तर ती भीती. मग हेच कामधंदा, पैसा, तब्येत आणि नाती अशा गटांत मोजा. बरीच गंमत इथेच आहे. कामाच्या मुदतीबाबत अतोनात आशावादी असलेला माणूस तब्येतीबाबत दरवेळी सर्वांत वाईट तेच धरून चालतो, हे सर्रास दिसतं. ‘मी निराशावादी आहे’ हे सरसकट वाक्य बहुतेक वह्यांत टिकत नाही.

एका गटात दहाच नोंदी असतील तर जरा सबुरीने घ्या. ८० टक्के दिलेल्या दहापैकी आठऐवजी सात खऱ्या झाल्या, तर तो योगायोग. चारच झाल्या, तर ती सवय.

सगळ्या वहीला मिळून एकच गुणांक हवा असेल तर हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली मांडलेली रीत वापरा. शक्यता दशांशात लिहा, घडलं तर १ आणि नाही घडलं तर ० धरा, दोहोंतल्या फरकाचा वर्ग करा. ८० टक्के दिले आणि घडलं तर ०.०४, नाही घडलं तर ०.६४. सगळ्यांची सरासरी काढा. ती जितकी कमी, तितके अंदाज चांगले. प्रत्येक वेळी डोळे मिटून ५० लिहिणाऱ्याला ०.२५ मिळतात. तुमची सरासरी त्याहून जास्त आली, तर तुमच्या ठाम मतांपेक्षा नाणेफेक बरी.

वही बिघडते ती ठरावीक कारणांनी. निकाल कळल्यावर टक्के भरले जातात. खात्रीच्याच गोष्टी लिहिल्या जातात. तिसरं कारण लक्षात येत नाही म्हणून जास्त वाईट: ‘नोकरी मिळेल, १०’ असं लिहायचं आणि मग अर्जच करायचा नाही. हा अंदाज दरवेळी खरा ठरतो आणि काहीच सिद्ध करत नाही. अशा नोंदीपुढे फुली मारा, ती हिशेबातून वगळा आणि अर्ज करून नवी नोंद लिहा.

आता दुरुस्ती. आशेकडे झुकणाऱ्यांनी स्वतःच्या आराखड्यावरून मुदत ठरवायची नाही, मागच्या अनुभवावरून ठरवायची. १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘कधी संपेल?’ असं विचारलं. सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. लागले ५५च्या वर. सगळंच बिनसलं तर किती लागतील, यावरही त्यांनी सरासरी ४९च्या आत सांगितलं होतं. म्हणजे माणूस वाईटात वाईट कल्पना करतो तीही पुरेशी वाईट नसते. म्हणून तशाच मागच्या पाच कामांना ठरलेले दिवस आणि लागलेले दिवस लिहा, लागलेल्यांना ठरलेल्यांनी भागा, आलेले पाच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या आणि नव्या अंदाजाला त्याने गुणा. १.६ आला तर दहा दिवसांचं काम सोळा दिवसांचं. ‘या वेळी वेगळं आहे’ असं मन म्हणेल. मागच्या पाचही वेळा ते हेच म्हणालं होतं.

साखळीचा हिशेबही करा. घर घेताना कर्जमंजुरी, सोसायटीची एनओसी, विकणाऱ्याची कागदपत्रं, नोंदणीची तारीख आणि रंगकाम हे पाचही वेळेत व्हायला हवेत. प्रत्येकाची शक्यता ९० टक्के धरली, तरी सगळं वेळेत होण्याची शक्यता ५९च. दसऱ्याला गृहप्रवेशाची पत्रिका छापण्याआधी हा गुणाकार करावा.

चुकीची किंमत दोन्ही बाजूंना सारखी नसेल, तर टक्क्यांवर थांबायचं नाही. पहिल्या सरीनंतर पेरणी केली आणि पावसाने ओढ दिली, तर बियाणं, खत आणि मजुरी पुन्हा. थांबलं तर काही दिवस जातात. म्हणूनच ७५ ते १०० मिमी पाऊस होईपर्यंत पेरणी करू नका, असं कृषी विभाग बजावत असतो. उलट ज्या ठिकाणी नकाराची किंमत चहाच्या पैशांइतकी आहे, म्हणजे अर्ज, विचारणा, ओळख काढून केलेला फोन, तिथे २० टक्के शक्यताही भरपूर. तिथे आशावादीच व्हावं.

भीतीकडे झुकणाऱ्यांची दुरुस्ती वेगळी आहे. मन चिंती ते वैरी न चिंती. ‘सकारात्मक विचार करा’ हा सल्ला त्यांना देऊ नका. खोटं आहे हे त्यांना लगेच कळतं. त्याऐवजी तीच साखळी वापरायची. साहेब चिडले, नोकरी जाणार, हप्ते थकणार, घर जाणार: यातली एकेक कडी लिहा आणि ‘आधीची खरी झाली, तर ही किती?’ असा आकडा द्या. प्रत्येक पायरीला ३० टक्के इतका मोठा आकडा दिला, तरी तीन पायऱ्यांनंतर हातात तीनपेक्षा कमी टक्के उरतात. पोटातला गोळा मात्र शंभर टक्क्यांचा आलेला असतो.

वाईट घडून गेल्यावर मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांनी मांडलेल्या तीन बाजू तपासा. मी हे कायमचं समजतोय का? एका गोष्टीवरून सगळंच बिघडलं असं धरतोय का? सगळा दोष माझाच का? प्रत्येकाचं उत्तर पुराव्यासह एका ओळीत लिहा. ‘मला गणित जमत नाही’च्या जागी ‘या पेपरात भूमितीचे तीन प्रश्न सोडले’ असं वाक्य आलं पाहिजे. दोष खरंच तुमचा असेल तर तसंच लिहा. तो पुसून टाकणं ही दुरुस्ती नव्हे.

एक अपवाद मात्र आहे. काही काळजीखोर माणसांना आधी सगळं वाईट मनात घोळवलं की काम चांगलं जमतं. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात याचा अभ्यास केला. अशांना धीर देत बसलं तर त्यांची कामगिरी घसरू शकते. घरात असं कोणी असेल तर परीक्षेच्या आदल्या रात्री ‘काही होत नाही रे’ म्हणू नका. पंधरा मिनिटांचा गजर लावून भीतींची यादी करू द्या. अट एकच, प्रत्येक भीतीपुढे एक कृती हवी. हॉलतिकीट विसरेन, तर ते आत्ता पिशवीत. कृती न सुचणारी भीती खोडायची. अटीशिवाय केलेली यादी म्हणजे नुसतं कुढणं.

स्वप्नं रंगवणाऱ्यांसाठी मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांचा क्रम उपयोगी आहे: इच्छा, ती पुरी झाल्याचं चित्र, मग स्वतःच्या आतला अडथळा आणि शेवटी ‘जर–तर’ वाक्य. क्रम उलटवू नका आणि चित्रापाशी थांबू नका. वजन कमी करणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासात, जमेल अशी अपेक्षा असणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं, पण बारीक झाल्याची गोड चित्रं रंगवणाऱ्यांचं कमी. अडथळाही नेमका लिहा. ‘आळस’ नको, ‘जेवल्यावर मोबाइल हातात येतो’ हवं. मग: जर ताट उचललं, तर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून चपला घालीन.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. ‘निराश माणसालाच खरं दिसतं’ यावर विसंबू नका. हे सुचवणारा १९७९चा प्रसिद्ध प्रयोग २०२२ साली पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा निष्कर्ष निघाला नाही.

वही नीट चालू लागली की सुखाचेही अंदाज लिहा, टक्क्यांऐवजी दहापैकी गुणांत. ‘गाडी घेतल्यावर तीन महिन्यांनी मी किती खूश असेन?’ आकडा लिहून कॅलेंडरवर तारीख टाका आणि त्या दिवशी जुना आकडा न बघता नवा द्या. खरेदी, बढती, हुकलेली बढती यांचा ठसा आपण समजतो त्याहून लवकर पुसट होतो, असं मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांच्या अभ्यासात दिसलं. पण ‘सवय होते’ हे सगळ्याला लावू नका. लांबलेली बेरोजगारी आणि जुनाट दुखणं यांची सवय पुरती होत नाही. अशा नोंदीत तीन महिन्यांनीही गुण ३ किंवा ४ वरच असतील, तर तो निराशावाद नाही. तिथे अंदाज सुधारत बसू नका, परिस्थिती बदलण्याच्या कामाला लागा.