रास्पबेरी पाय सुरूच होत नाही? कार्ड पुसण्याआधी हे तपासा

रास्पबेरी पाय म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक. हा बोर्ड चालू होत नाही म्हटलं की बहुतेक जण एकच उपाय करतात. मेमरी कार्ड काढायचं आणि त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली नव्याने चढवायची. कधी तेवढ्याने भागतंही. पण नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही, म्हणून पंधरा दिवसांनी तेच दुखणं परत येतं. शिवाय ठिबकच्या व्हॉल्व्हचं वेळापत्रक, मातीतल्या ओलाव्याच्या नोंदी, विहिरीवरच्या कॅमेऱ्याची मांडणी असं जे काही त्या कार्डावर असतं, ते सगळं पुसलं जातं. रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यांपासून शिंदखेड्याच्या शाळांपर्यंत असे छोटे बोर्ड आता दिसू लागलेत आणि त्यांचे प्रश्न पुण्या-मुंबईच्या टेबलावरच्या बोर्डापेक्षा जरा वेगळे आहेत. इथे पहिला संशय लिनक्सवर घेऊ नका, विजेवर घ्या.

बोर्ड सुरू होताना काम ठरलेल्या क्रमाने पुढे सरकतं. आधी पुरेशी वीज लागते, मग बोर्डावरचं फर्मवेअर (सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम) जागं होतं, ते कार्डाच्या पहिल्या विभागातून (पार्टिशनमधून) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उचलतं, कर्नल दुसऱ्या विभागातली मूळ फाइलप्रणाली जोडतो आणि शेवटी नेटवर्क, लॉगिन वगैरे सेवा सुरू होतात. आपल्याला शोधायचं ते एवढंच, की गाडी यातल्या कुठल्या टप्प्यावर अडली. ते कळलं की निम्मं काम झालं.

खरंच बंद आहे का?

स्क्रीन न लावता वापरायचा बोर्ड असेल तर ही शंका आधी फेडून घ्या. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तिथे बोर्डाचं नाव दिसत असेल तर बोर्ड सुरू झालाय, अडचण लॉगिनची आहे. रास्पबेरी पाय ओएस या बोर्डाच्या अधिकृत लिनक्समध्ये एप्रिल २०२२ पासून ‘पाय’ हा तयार वापरकर्ता मिळत नाही. कार्ड तयार करतानाच इमेजर या प्रोग्रॅममध्ये वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, वायफाय आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करण्याची सोय) भरावं लागतं. जुनी व्हिडिओ बघून काम करणारे इथेच अडकतात आणि बोर्डाला दोष देतात. डाएटपाय आणि आर्मबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारांमध्ये मात्र पहिल्या लॉगिनचा पासवर्ड ठरलेला असतो. वापरकर्ता दोन्हीकडे ‘रूट’. पासवर्ड डाएटपायला ‘डाएटपाय’ आणि आर्मबियनला ‘१२३४’.

नव्या कार्डावरची पहिली सुरुवात सावकाश होते हेही लक्षात असू द्या. फाइलप्रणाली कार्डभर पसरवली जाते, बोर्ड मधेच स्वतःहून पुन्हा सुरू होतो. त्या वेळी घाईने प्लग उपसला तर चांगलं कार्डही बिघडतं.

वीज

आपल्याकडे शेतीपंपाचा थ्री-फेज पुरवठा पाळीने येतो. तो आला की आजूबाजूच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि दाब खाली बसतो. चांगला अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टमध्ये निमूट काम करतो, त्यामुळे नुसत्या कमी दाबाने बोर्ड बंद पडायला नको. घात होतो तो स्वस्त अडॅप्टर आणि बारीक वायर यांच्या जोडीने.

हिशेब सोपा आहे. वायरीचा एकूण रोध ०.२ ओहम असेल आणि बोर्ड २.५ अँपिअर ओढत असेल तर अर्धा व्होल्ट वायरीतच जातो. अडॅप्टरमधून ५ व्होल्ट निघाले तरी बोर्डाला मिळतात ४.५. रास्पबेरी पाय ४.६३ व्होल्टच्या आसपास कमी दाबाची तक्रार करू लागतो. म्हणूनच अधिकृत अडॅप्टर ५.१ व्होल्टचे असतात. पाय ३ ला २.५ अँपिअर, पाय ४ ला ३ अँपिअर आणि पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. पाय ५ ला ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर बोर्ड सुरू होतो, पण यूएसबीच्या सगळ्या पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. त्यावर हार्ड डिस्क चालण्याची आशा धरू नका.

मोबाइलचा चार्जर ‘फास्ट’ आहे म्हणून तो चालेल हा गैरसमज फार पसरलेला आहे. फास्ट चार्जिंग बहुधा दाब वाढवून मिळतं, आणि पाय ४ तो वाढीव दाब मागतच नाही. २०१९ च्या सुरुवातीच्या पाय ४ मध्ये तर टाइप-सी जोडणीत एक रोधक कमी होता. त्यामुळे चिप असलेली महागडी केबल लावली की चार्जरला तो बोर्ड वीज घेणारं उपकरण वाटायचाच नाही आणि वीजच मिळायची नाही. जुना पाय ४ एका केबलवर चालतो आणि दुसऱ्या, भारी केबलवर मेल्यासारखा पडतो, त्यामागे हेच असतं.

तर मग करायचं काय? बोर्डाला लावलेलं सगळं काढा: रिले, मोडेम, डिस्क, पंखा, कॅमेरा. फक्त कार्ड आणि अडॅप्टर ठेवा. केबल आखूड, जाड आणि वेगळी घ्या. पाय ३ किंवा ४ असेल तर लाल दिव्याकडे बघा. तो विझत किंवा लुकलुकत असेल तर दाब पडतोय, लिनक्सकडे जाण्यात अर्थ नाही. बोर्ड मधूनमधून तरी सुरू होत असेल तर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट-थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) ही आज्ञा देऊन बघा. उत्तर शून्य आलं तर ठीक. पाच आणि पुढे चार शून्य असं काही आलं तर सुरू झाल्यापासून कधीतरी वीज कमी पडून बोर्डाने वेग उतरवलाय.

सौर पॅनल आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर बोर्ड चालवत असाल तर मधल्या कन्व्हर्टरचा दाब मल्टिमीटरने मोजून ५.१ वर आणा आणि मगच बोर्ड जोडा. पिनांमधून थेट वीज देऊ नका. ती बोर्डावरच्या फ्यूजला वळसा घालून आत शिरते.

वीज परत येताना दोन-तीनदा ये-जा करते, तो क्षण सगळ्यात वाईट. पंपाच्या स्टार्टरला आपण ऑटो बसवतो आणि वेळ लावून ठेवतो, तसाच उशिराने चालू होणारा टायमर बोर्डाच्या अडॅप्टरआधी लावला तर कार्डं कमी मरतात.

आणि उन्हाचं काय? भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडमधल्या बंद पेटीत त्याहून जास्त. तरी उन्हामुळे बोर्ड सुरूच न होणं क्वचित घडतं. ८० अंशांच्या वर चिप आपला वेग कमी करते, बस. उष्णतेने आधी म्हातारे होतात ते अडॅप्टरमधले कपॅसिटर. मार्चपर्यंत धड चालणारा बोर्ड मेमध्ये रुसला तर अडॅप्टर बदलून बघा. अमळनेरकडे कोणी ‘बोर्ड जयी गया भो’ (बोर्ड जळाला भाऊ) म्हणालं, तरी मी आधी अडॅप्टरच हातात घेतो.

हिरवा दिवा काय म्हणतो

वीज ठीक असेल तर हिरव्या दिव्याकडे वळा. हा दिवा कार्ड वाचताना अनियमित लुकलुकतो. ठरावीक ठेक्यात मिचकावत असेल तर तो सांकेतिक निरोप आहे. डोळ्यांनी मोजताना चुकतं. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि सावकाश मोजा. चार छोटे झबके म्हणजे फर्मवेअरची ‘स्टार्ट’ फाइल सापडली नाही. सात म्हणजे कर्नल सापडला नाही. आठ म्हणजे रॅममध्ये दोष, तिथे कार्ड बदलून उपयोग नाही. दोन लांब आणि एक छोटा म्हणजे पहिला विभाग फॅट प्रकारचा नाही.

दिवा हललाच नाही तर? पाय ३ आणि त्याआधीच्या बोर्डांत पहिली फाइलही कार्डावरच असते, म्हणून बहुधा कार्ड नीट बसलेलं नाही किंवा मेलेलं आहे. पाय ४ आणि ५ मध्ये सुरुवातीचा प्रोग्रॅम बोर्डावरच्या ईप्रॉम चिपमध्ये असतो. तो बिघडला असेल तर इमेजरच्या इतर साधनांच्या यादीतून बूटलोडर (हाच सुरुवातीचा प्रोग्रॅम) दुरुस्तीची प्रतिमा (इमेज) एखाद्या फालतू कार्डावर लिहा, ते कार्ड घाला आणि वीज द्या. हिरवा दिवा एकसारखा भराभर लुकलुकू लागला आणि स्क्रीन हिरवी झाली की काम झालं. स्क्रीन लावताना पाय ४ मध्ये वीजजोडणीच्या शेजारचं एचडीएमआय पोर्ट घ्या.

इंद्रधनुष्यी चौकोनावर स्क्रीन थांबली तर फर्मवेअर चाललंय, कर्नल अडलाय. बोर्ड बदललात का ते आठवा. पाय ३ मधलं जुनं कार्ड पाय ४ मध्ये चालत नाही, कारण पाय ४ ला रास्पबेरी पाय ओएसची बस्टर किंवा पुढची आवृत्ती लागते आणि पाय ५ ला बुकवर्म किंवा पुढची. पहिल्या पाय झिरोवर ६४ बिटचं लिनक्स कधीच चालणार नाही.

कार्ड: विंडोजला ‘हो’ म्हणू नका

कार्ड रीडर जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळतो. कार्ड विंडोजच्या लॅपटॉपला लावलंत की पहिला विभाग दिसतो आणि दुसऱ्यासाठी खिडकी उघडते, ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ रद्द करा. तो विभाग ईएक्सटी-४ प्रकारचा आहे, विंडोजला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. या एका प्रश्नाला ‘हो’ म्हणून किती धडधाकट कार्डं पुसली गेली असतील!

काहीही दुरुस्त करण्याआधी कार्डाची अख्खी प्रत काढा. विंडोजवर विन-३२ डिस्क इमेजर, लिनक्सवर ‘डीडी’. कार्ड वाचताना अडखळत असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ घ्या. ते खराब जागा सोडून आधी चांगला भाग उचलतं.

पहिल्या विभागात ‘सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी’ ही फाइल उघडा. तिच्यातला सगळा मजकूर एकाच ओळीत असला पाहिजे. मधे एंटर पडला की पुढचं वाचलं जात नाही. त्या ओळीतले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द काढून टाका. आता सुरू होताना सगळे संदेश पडद्यावर सरकताना दिसतील. ‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’मध्ये अलीकडे काही बदल केला असेल, विशेषतः वेग वाढवण्याचा, तर त्या ओळीआधी हॅशचं चिन्ह टाका.

दुसरा विभाग तपासायला लिनक्स लागतं. कुठल्याही लॅपटॉपवर पेनड्राइव्हमधून लिनक्स सुरू करा, ‘एलएसबीएलके’ आज्ञेने कार्डाचं नाव नक्की करा (इथे चुकलात तर लॅपटॉपची डिस्क हातची जाईल), तो विभाग जोडलेला नाही हे बघा आणि त्यावर ‘ईटूएफएससीके’ ही आज्ञा डॅश-एफ लावून चालवा. अचानक वीज गेल्याने झालेली मोडतोड बहुधा इथे निस्तरते.

झिजलेलं कार्ड मात्र वेगळाच चकवा देतं. तुम्ही फाइल बदलता, जतन होते, चूक काही दिसत नाही. कार्ड काढून परत लावलं की जुनाच मजकूर! कार्डाने लिहून घेणं बंद केलंय. दुरुस्ती नाही, टाकून द्या. नवं घेतलेलं कार्ड खोट्या क्षमतेचं नाही ना हे विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ने किंवा लिनक्सवर ‘एफथ्री’ने वापरायला काढण्याआधीच तपासा.

पडद्यावर अक्षरं उमटून थांबलं तर

ही खरं तर चांगली बातमी. ‘कर्नल पॅनिक’ आणि सोबत मूळ फाइलप्रणाली जोडता आली नाही असा संदेश आला, तर सीएमडीलाइनमधला विभागाचा ओळखक्रमांक आणि कार्डावरचा खरा क्रमांक जुळत नाहीत, किंवा तो विभागच तुटलाय. खरा क्रमांक ‘बीएलकेआयडी’ आज्ञेने मिळतो. एका कार्डावरचं दुसऱ्यावर हाताने उतरवलं असेल तर हमखास हेच.

‘इमर्जन्सी मोड’ आला आणि रूट खातं कुलूपबंद असल्याचं सांगितलं, तर दुसऱ्या विभागातल्या ‘ईटीसी’ फोल्डरमधली ‘एफएसटॅब’ फाइल बघा. तिथे एखादी बाहेरची डिस्क लिहिलेली असते आणि ती आज जोडलेली नसते. लिनक्स तिची वाट बघत बसतं आणि शेवटी हात वर करतं. कार्ड लॅपटॉपवरच्या लिनक्समध्ये उघडून त्या ओळीच्या पर्यायांत ‘नोफेल’ घाला.

अल्पाइन लिनक्स वापरणाऱ्यांची तक्रार निराळी असते, ‘चालू होतं, पण केलेलं सगळं जातं.’ पायवर ते सहसा रॅममधून चालतं. बदल टिकवायला ‘एलबीयू कमिट’ द्यावं लागतं. वारंवार वीज जाणाऱ्या गावी मला ही पद्धत आवडते, कारण कार्डावर लिखाण जवळजवळ होतच नाही.

ऑरेंज पाय किंवा बनाना पायवर आर्मबियन असेल तर दोन गोष्टी बदलतात. तिथला बूटलोडर फाइल म्हणून दिसत नाही, तो विभागांच्या आधी कार्डाच्या ठरावीक जागी असतो. फाइली कॉपी करून असं कार्ड बनत नाही, अख्खी प्रतिमाच लिहावी लागते आणि तीही नेमक्या त्याच मॉडेलची. दुसरं, या बोर्डांवर पडदा बऱ्याचदा शेवटपर्यंत काळाच राहतो. म्हणून बोर्डाचे संदेश लॅपटॉपवर दाखवणारी यूएसबी ते सिरियल केबल घेऊन ठेवा, ३.३ व्होल्टचीच, ५ व्होल्टची केबल पिना जाळते. ऑलविनर चिपला वेग ११५२०० ठेवा, रॉकचिपला बहुधा १५०००००. रास्पबेरी पाय ४ पर्यंत हीच केबल पिन ६, ८ आणि १० वर लागते: ६ जमिनीची (ग्राउंड), ८ बोर्डाची बोलणारी, १० ऐकणारी. केबलची ऐकणारी वायर ८ ला आणि बोलणारी १० ला जोडा, केबलची विजेची वायर मोकळी सोडा. कॉन्फिगमध्ये ‘एनेबल यूआर्ट’ (enable_uart) एकवर ठेवलं की ११५२०० च्या वेगाने सगळं लॅपटॉपवर वाचता येतं.

बोर्ड एकदा उठला की ‘रास्पी-कॉन्फिग’च्या परफॉर्मन्स विभागात जाऊन ओव्हरले फाइलप्रणाली सुरू करा; मग लिखाण रॅममध्ये होतं आणि वीज गेली तरी कार्ड शाबूत राहतं. नोंदी ठेवायच्या असतील तर त्या पेनड्राइव्हवर वळवा, त्याच्या ओळीत ‘नोफेल’ विसरू नका. चालू स्थितीतल्या कार्डाची प्रत दुसऱ्या कार्डावर लिहा, ते बोर्डात घालून एकदा सुरू होतंय का बघा आणि मगच तारीख लिहून पेटीत ठेवा.