पांढरी सायकल उभारताना आणि उजवीकडे वळताना

आमच्या शनिवारच्या सायकल ग्रुपमधले दादा उजवीकडे वळणाऱ्या गाडीखाली गेले. त्यांच्यासाठी मी इथे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला, घरच्या गॅरेजमध्ये, पांढरी सायकल तयार केली. सायकलस्वार गेला त्या जागी अशी 'घोस्ट बाइक' ठेवायची पद्धत २००३ मध्ये सेंट लुइसला सुरू झाली.

आधी घरच्यांना विचारा. वहिनी पहिल्यांदा नको म्हणाल्या. कामाला जाताना रोज तोच कोपरा लागतो. आम्ही थांबलो. दोन महिन्यांनी त्यांचाच फोन आला, "लावा, पण थोडी अलीकडे." मग शहराच्या रस्ते विभागाला विचारलं. व्हीलचेअर अडू नये, वळणाऱ्याची नजर अडू नये, एवढं तुम्हीही पाहाच.

सायकल भंगारातली घ्या, अपघातातली नको. चेन, केबल, ब्रेक, मुठींचं रबर काढून टाका. चालवता येत नसली की कोणी चोरत नाही. ग्रीस मात्र पूर्ण धुवा. मी घाई केली आणि पेडलजवळचा रंग आठवड्यात सोलून आला. पॉलिश पेपर, प्रायमर, मग पांढऱ्या रंगाचे पातळ तीन हात, टायरसकट. दादांचं नाव आम्ही देवनागरीतही लिहिलं.

आता तो वळणाचा भाग, कारण माझा सगळा जीव तिथे अडकलाय. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि सायकल लेन, म्हणजे सायकलींसाठी आखलेली पट्टी, उजव्या कडेला असते. आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं, सायकल लेनमध्ये गाडी घालायचीच नाही. म्हणून ते शेजारच्या लेनमधून थेट उजवीकडे वळतात आणि सरळ जाणारा सायकलवाला मध्ये सापडतो. कॅलिफोर्नियात वळायचं असेल तर कोपऱ्याच्या आधीच्या २०० फुटांत सायकल लेनमध्ये शिरायचं असतं. इंडिकेटर द्या, आरसा पाहा, मान वळवून उजव्या खांद्यामागे पाहा. सायकल असेल तर तिला पुढे जाऊ द्या, तिच्या मागे लेनमध्ये या आणि मगच वळा. चार सेकंद जातात.

ओव्हरटेक करताना किमान ३ फूट अंतर हा इथला २०१४ पासूनचा कायदा. २०२३ पासून शक्य असेल तिथे लेनच बदलावी लागते. गाडी लावल्यावर डावं दार उजव्या हाताने उघडा. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. मुलांनाही हीच सवय लावा. उजव्या दारापाशी बसणाऱ्याने डावा हात वापरायचा.

आणि सायकलवाल्यांनो, वळणाऱ्या ट्रकच्या उजव्या बाजूने पुढे घुसू नका. मागेच थांबा.

एप्रिलमध्ये पाऊस संपला की वहिनी आणि मी जातो. मी तारेच्या ब्रशने गंज घासते, त्या पांढरा हात देतात. प्लॅस्टिकची फुलं बांधू नका, उन्हाने तुकडे होऊन गटारात जातात. आम्ही झेंडूचा एक हार घालतो आणि सुकला की काढून आणतो.