ऑगस्टअखेरचं रोम, आई-बाबांना घेऊन

“आपल्याला ऊन काय नवं?” असं बाबा म्हणाले, आणि मी यादीत सगळ्यात वर ऊनच लिहिलं. मे महिन्यात सांगली तापते तेव्हा आपण बारानंतर दार लोटून घरात पडून असतो. रोममध्ये मात्र भर दुपारी दगडी रस्त्यांवरून चालणं होतं. ऑगस्टअखेरीस तिथे पारा तिशीपार असतो आणि रोमन फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या उघड्यावरच्या अवशेषांत, सावली शोधावी लागते. त्यात आपण निघणार पावसातून, म्हणजे उन्हाची सवय मोडलेली. म्हणून कलोसियमची सकाळची पहिली वेळ घ्यायची आणि दुपारी खोलीवर परतायचं. खोलीत एसी आहे ना, हे बुकिंगआधीच विचारायचं. कलोसियमच्या तिकिटावर नाव असतं, ते पासपोर्टप्रमाणेच भरा. बूट महिनाभर आधी आणून रोज आमराईत फेऱ्या मारा, नवेकोरे बूट तिथे पहिल्यांदा घालू नका. पाण्याची एक बाटली पुरे, रस्तोरस्ती लोखंडी नळ अखंड वाहतात आणि ते पाणी पिण्याचं असतं. व्हॅटिकनमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, तेव्हा बाबांची हाफ पँट त्या दिवशी नको.

या सगळ्याआधी व्हिसा. इटलीला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो; त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवस आधीपर्यंत चालतो, पण उन्हाळ्याच्या गर्दीत तेवढ्यावर विसंबू नका, एप्रिल-मेमध्येच लागा. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोऱ्या पानांचा हवा. विमा किमान 30,000 युरोंचा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, तेव्हा आई-बाबांची ती खेप रजा बघून ठरवा. आईचं नाव बँकेत एक आणि पासपोर्टवर दुसरं, असं आमच्याकडे निघालं. दुरुस्तीला आठवडे गेले.

खाऊत भडंग आणि शेंगदाण्याची चटणी घ्या. कंदी पेढे आणि तूप मात्र घरीच ठेवा, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. बीपी-शुगरच्या गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत अजिबात नको. घड्याळ तिथे साडेतीन तास मागे असतं. गोळ्यांच्या नव्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता घर. आमचं तळमजल्यावर आहे आणि ऑगस्ट म्हणजे कृष्णेच्या पुराचा महिना. आयर्विन पुलाजवळ 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका. 2019 चा महापूर पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. कागदपत्रं, गाद्या आणि मिक्सर माळ्यावर टाका, गॅसचा रेग्युलेटर काढा, मेन स्विच बंद करा. किल्ली वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे द्या आणि पाणी वाढलं तर काय उचलायचं ते कागदावर लिहून द्या. मुंबईला विमानाच्या एक दिवस आधी पोचा. पावसात रस्त्याचा भरवसा नसतो.