'बिफोर टू डेज' आणि 'टुडे मॉर्निंग' : इंग्रजीत दिवस-वेळ सांगताना या चुका टाळा

मी संध्याकाळी स्पोकन इंग्लिशची बॅच घेतो, येणारे बहुतेक नोकरीवाले, मराठी मीडियममधून आलेले. ग्रामरची पुस्तकं दोनदोनदा वाचून झालेली असतात तरी दिवस आणि वेळ सांगायची वेळ आली की गडबड ठरलेली, कारण त्यांच्या डोक्यातलं मराठी वाक्य अगदी बरोबर असतं आणि तेच तसंच्या तसं इंग्रजीत उतरतं. म्हणून मी हल्ली नियम सांगायच्या आधी मराठीच समजावतो.

सगळ्यात नुकसान करणारा शब्द 'पर्यंत'. आपण म्हणतो 'शुक्रवारपर्यंत रिपोर्ट देतो' आणि 'शुक्रवारपर्यंत गावाला आहे', दोन्हीकडे पर्यंतच. पण रिपोर्ट एकदाच द्यायचाय, शुक्रवार ही मुदत झाली, आणि गावाला राहणं मात्र शुक्रवार येईस्तोवर चालूच आहे. इंग्रजीत मुदतीला 'बाय फ्रायडे' आणि चालू राहणाऱ्या गोष्टीला 'अनटिल' नाहीतर 'टिल फ्रायडे'. बॅचमधल्या एकीने क्लायंटला 'आय विल सेंड द रिपोर्ट अनटिल फ्रायडे' असा मेल केला, क्लायंटला वाटलं शुक्रवारपर्यंत रोज रिपोर्ट येणार, आणि मंगळवारी त्याचा मेल आला की आजचा कुठाय. बिचारी घाबरूनच गेली. शंका आली की 'पर्यंत' काढून तिथे 'च्या आत' घालून बघा. 'शुक्रवारच्या आत देतो' चालतं, मग बाय. 'शुक्रवारच्या आत गावाला आहे' हे कानालाच खटकतं, मग अनटिल. फक्त एवढं लक्षात ठेवा की 'बाय फ्रायडे' म्हटलं की शुक्रवारसुद्धा धरतात.

'पासून'चंही तेच. 'दोन हजार एकोणीसपासून' आणि 'पाच वर्षांपासून', आपल्याला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत जिथून सुरुवात झाली तो क्षण असेल तर 'सिन्स', आणि किती काळ ते मोजलं असेल तर 'फॉर'. 'आय एम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' हे वाक्य मी इंटरव्ह्यूच्या प्रॅक्टिसमध्ये इतक्यांदा ऐकलंय, आणि त्यात चुका दोन आहेत. सिन्सच्या जागी फॉर हवं आणि 'आय एम वर्किंग'च्या जागी 'आय हॅव बीन वर्किंग'. आपण 'पाच वर्षांपासून काम करतोय' असा चालू काळ वापरतो ना, तो तिथे चालत नाही.

'दोन दिवसांपूर्वी' म्हणजे 'टू डेज अगो'. 'बिफोर टू डेज' नाही. आणि अगो आलं की क्रियापद साधा भूतकाळ, म्हणजे 'आय सेंट इट टू डेज अगो', 'आय हॅव सेंट' नको. तसंच 'दोन दिवसांनी पाठवतो' याला 'इन टू डेज' म्हणा. 'विदिन टू डेज' म्हणालात तर दोन दिवसांच्या आत कधीही असा अर्थ होतो, समोरचा उद्याच वाट बघायला लागेल.

आता माझा आवडता मुद्दा, यावर कुणी फारसं बोलत नाही. डॉक्टर म्हणतात 'आठ दिवसांनी दाखवायला या'. सोमवारी म्हणाले असतील तर आपण पुढच्या सोमवारी जातो. मोजून बघा, सातच दिवस झाले! आपण जुन्या पद्धतीने दोन्ही टोकं धरतो, सोमवार ते सोमवार आठ, आठवडा या शब्दातच तो आठ आहे. 'पंधरा दिवसांनी'ही तसंच, खरे दिवस चौदा. आता हेच तुम्ही इंग्रजीत 'आफ्टर एट डेज' केलंत तर ऐकणारा प्रामाणिकपणे आठ मोजणार आणि मंगळवारी येऊन उभा राहणार. म्हणून आठ दिवसांना 'अ वीक' आणि पंधरा दिवसांना 'टू वीक्स' म्हणा. 'फोर्टनाइट' हा शब्द सुंदर आहे, चौदा रात्रींवरून आलेला, ब्रिटनमध्ये सर्रास चालतो, पण अमेरिकन माणसासमोर टाळा, तिकडे तो वापरात नाही. 'बायवीकली' तर कुणासमोरच नको, आठवड्यातून दोनदा असाही अर्थ होतो आणि दोन आठवड्यांतून एकदा असाही. 'ट्वाइस अ वीक' किंवा 'एव्हरी टू वीक्स' असं सरळ सांगा. आणि तप म्हणजे बारा वर्षं, 'डिकेड' म्हणजे दहा.

परवाचं काय करायचं असं सगळे विचारतात. आपला परवा दोन्ही बाजूंना जातो, 'परवा आलो' आणि 'परवा येतो', क्रियापदावरून कळतं. इंग्रजीत 'द डे बिफोर यस्टर्डे' आणि 'द डे आफ्टर टुमारो' एवढं लांबलचक म्हणावंच लागतं. पण 'अरे तो परवाच भेटला होता' यातला परवा नेमका दोन दिवसांचा नसतोच बहुतेकदा, तिथे 'द अदर डे' म्हणा, चपखल बसतं.

'टुडे मॉर्निंग' नाही, 'धिस मॉर्निंग'. 'टुडे नाइट' नाही, 'टुनाइट'. 'यस्टर्डे नाइट'पेक्षा 'लास्ट नाइट'. पण 'यस्टर्डे मॉर्निंग' आणि 'टुमारो मॉर्निंग' बिनधास्त वापरा, ते बरोबरच आहेत. रात्री नऊला कुणाला भेटलात तर 'गुड ईव्हनिंग', कारण 'गुड नाइट' निघताना म्हणतात.

रात्रीवरून आठवलं, इथे पैशाचं आणि जिवाचं नुकसान होतं. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो आणि आपली जीभही तेच मानते, रविवारी रात्री साडेबारा म्हणजे आपल्यासाठी रविवारच. इंग्रजी कॅलेंडरचा दिवस मात्र मध्यरात्री बदलतो. माझ्या मावशीचं तिकीट १५ तारखेच्या ००:१५ च्या गाडीचं होतं, घरातले सगळे १५ ला रात्री जेवूनखाऊन निघाले आणि स्टेशनवर कळलं की गाडी आदल्याच रात्री गेली. सत्तरीच्या बाईला सामानासकट परत यावं लागलं, मला अजून वाईट वाटतं. तिकिटावर वेळ ००:०० ते पहाट यातली असेल तर घरच्या कॅलेंडरवर आदल्या तारखेवर 'रात्री निघायचं' असं लिहून ठेवा. फॉर्मची शेवटची वेळ बरेच जण ११:५९ पीएम देतात ती याचसाठी, 'बारा वाजता' म्हटलं की कुठल्या तारखेचे बारा हा घोळ होतो. १२ पीएम म्हणजे दुपारचे बारा, १२ एएम म्हणजे रात्रीचे. खात्री नसेल तर 'नून' आणि 'मिडनाइट' लिहा. आणि 'टू इन द मॉर्निंग' ऐकून सकाळ समजू नका, ते रात्रीचे दोन आहेत.

ब्रिटिश माणूस 'हाफ फाइव्ह' म्हणाला तर ते साडेपाच, साडेचार नाही.

ट्यूसडे-थर्सडेत गोंधळणाऱ्या मुलांसाठी एक सांगतो. थर्सडे थॉर या विजेच्या देवाचा, रोमन लोकांचा विजेचा देव ज्युपिटर, म्हणजे आपला गुरू, म्हणून गुरुवार. ट्यूसडे टिऊ या युद्धाच्या देवाचा, रोमन मार्स, आपला मंगळ. थॉर मुलांना माहीत असतोच, तो गुरुवारी येतो म्हटलं की राहतं लक्षात.

राहिलं 'नेक्स्ट फ्रायडे'. बुधवारी कुणी असं म्हणालं तर काहींना परवाचा शुक्रवार वाटतो, काहींना त्याच्या पुढचा, आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचंही यावर एकमत नाही. तिथे तारीखच सांगा, आणि तारखेतला महिना अक्षरात लिहा, कारण ५/६ म्हणजे आपल्याला पाच जून, अमेरिकेत सहा मे.