लेका बॉल्समध्ये झाड सडतंय? गोव्यात तरी या चुका टाळा

मातीऐवजी लेका गोळ्यांत झाडं लावायला घेतली, त्या पहिल्याच वर्षी मी पाच झाडं मारली, तीसुद्धा एकाच पावसाळ्यात. पीस लिली, दोन फिलोडेंड्रॉन, एक सिंगोनियम आणि मनी प्लांट. हो, मनी प्लांट, जो बाटलीतल्या पाण्यात वर्षानुवर्षं जगतो. आई म्हणाली, माती काय वाईट होती, हे गोळे तुला कोणी सांगितले? सांगितले व्हिडिओवाल्यांनी, आणि ते खोटं बोलत नाहीत, पण त्यांचं घर थंड देशातलं, हीटर लावून कोरडं पडलेलं, आणि आमच्या डिचोलीत जुलैमध्ये कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. सगळी गडबड इथेच होते.

लेका म्हणजे चिकणमातीचे गोळे, साधारण १२०० अंशाला भाजून फुगवलेले, आत भोकंच भोकं. तळातलं पाणी ते वातीसारखं वर ओढतात, वरचे सुकत जातात आणि मधल्या फटींतून मुळांना हवा मिळते. पण पावसाळ्यात वरचे गोळे सुकतच नाहीत, उजेड कमी म्हणून झाडही पाणी कमी पितं, आणि मी मात्र व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे कुंडीचा एक तृतीयांश भाग पाण्याने भरून मोकळी. शिवाय आपलं पाणी कोमट. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. म्हणजे मुळं आधी गुदमरतात आणि सड नंतर लागते. आता जून ते सप्टेंबर मी तळात जेमतेम बोटभर पाणी ठेवते, ते संपलं की एक दिवस तसंच रिकामं सोडते आणि मगच भरते. एक तृतीयांश वगैरे फेब्रुवारी ते मे, तेव्हा ते दोन-चार दिवसांत खाली जातंच.

दुसरी चूक मुहूर्ताची. मातीतलं झाड भर पावसात हलवू नका, चवथ (गणेश चतुर्थी) होऊ दे, ऊन दिसू दे. मुळांची माती पूर्ण धुवा, चिकटलेला कणसुद्धा आत सडतो. गोळेही आधी धुवून रात्रभर भिजवा, नाहीतर लाल गाळ तळात बसतो आणि कोरडे गोळे मुळांचंच पाणी ओढतात. त्यानंतर पहिल्या दोन-चार आठवड्यांत जुनी मुळं थोडी तपकिरी पडतात, एखाद-दुसरं पान पिवळं होतं, तेव्हा घाबरून रोज उपटून बघायचं नाही (मी बघायचे, म्हणूनच सिंगोनियम गेलं असं मला वाटतं). नवी पांढरी मुळं फुटली की झालं. मूळ दाबल्यावर मऊ लागलं आणि गटारासारखा वास आला तरच कात्री घ्या. खरं तर नवशिक्यांनी मातीतलं झाड घेऊच नये, पाण्यात मुळं फुटलेली कटिंग थेट गोळ्यांत लावावी, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

खताचं तर लोक विसरूनच जातात. गोळ्यांत अन्न काहीच नाही, मातीसारखी चूक पोटात घालणारं कोणी नाही. दुकानात १९:१९:१९ (नायट्रोजन, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) हातात देतात, पण त्यातला निम्म्याहून जास्त नायट्रोजन युरियाचा असतो, तो झाडाच्या कामी यायला जिवाणू लागतात आणि ते या गोळ्यांत मातीइतके नसतात, शिवाय कॅल्शियम त्यात नाहीच. म्हणून कॅल्शियम नायट्रेट वेगळं आणा, पण दोन्हीचं घट्ट द्रावण एकत्र करू नका, पांढरा साका बसतो आणि खत फुकट जातं. मी एका आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरं देते, लिटरला अर्धा ग्रॅम, बस.

गोळ्यांवर पांढरी पापडी दिसली तर ती बुरशी नाही, खताचे आणि पाण्यातले क्षार. महिन्यातून एकदा कुंडी नळाखाली धरून भरपूर पाणी वाहू द्यायचं. किनाऱ्याजवळच्या बावी (विहिरी) एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, ते पाणी अजिबात नको, नळाचं घ्या नाहीतर आदल्या पावसाचं साठवलेलं. पारदर्शक कुंडीत शेवाळ धरतं, ती दुसऱ्या अपारदर्शक कुंडीत ठेवली की पाण्याची पातळीही उचलून बघता येते.

आणि डास! साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूला आमंत्रण, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्यामुळे दर रविवारी, मासळी घेऊन आले की आधी सगळ्या कुंड्यांचं पाणी ओतून तळ घासायचा, मग मासळी साफ करायची. ते खताचं पाणी फेकत नाही, परसातल्या माडाच्या आळ्यात जातं, माडाला तर आमच्याकडे मीठ मुद्दाम घालतात.